सुंदरबाईची बारी

पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या माथ्यावर गर्ज्यांची वस्ती आहे. पंधरा-सोळा घरं, एक हातपंप आणि उन्हाळ्यात तळ दाखवणारी एक विहीर. तिथून खाली डांबरी सडकेला यायचं तर बारी उतरावी लागते. डोंगराच्या दोन सोंडांमधली ती खिंड. आज्या-पणज्यांपासून माणसं आणि शेळ्या तिथूनच चढत-उतरत आल्या. वर चढायला पाऊण तास लागतो, उतरायला त्याहून जास्त, कारण मध्यावर एक जागा अशी आहे की तिथं पाय ठरत नाही. वस्तीतले लोक तिला घसरडी म्हणतात.

या वस्तीत सुंदरबाई गर्जे राहते. वय साठीच्या पुढं. गोड बोलणं तिला कधी जमलं नाही, आणि जमावं असंही तिला कधी वाटलं नाही. शेजारच्या सरस्वतीबाई म्हणायच्या, सुंदरबाईच्या तोंडी लागायचं तर बाईनं आधी पोटभर जेवून निघावं.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या दुष्काळात ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेली होती. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्तरीनं तिला पौळ रचायला शिकवलं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. दगडाचं तोंड कुठलं ते ओळखायचं, त्याला आतल्या अंगाला कलता बसवायचा, फटीत चिप ठोकायची, आणि वर उभं राहून बघायचं. हलला तर काढून पुन्हा. मिस्तरी बायकांना हे काम देत नसे. सुंदरबाईला दिलं, कारण ती त्याच्याशी भांडली. पुढं तिनं वीस-बावीस हंगाम ऊस तोडला, पण कुणी विचारलं तर सांगायची, "मी दगडाच्या कामावरची बाई हाय."

गेल्या श्रावणात तिची सून सुरेखा दुधाचा कॅन घेऊन बारी उतरत होती. घसरडीवर पाय गेला आणि ती दहा-बारा हात खाली जाऊन पडली. नडगीचं हाड मोडून बाहेर आलं. वस्तीतल्या चौघांनी वाकळीची झोळी केली, लाकडाला बांधली आणि तिला खाली आणलं. सुंदरबाई मागून येत होती आणि चौघांना शिव्या देत होती, कारण झोळी हिंदकळत होती. खाली सडकेवर राधाकिशन तात्यांची जीप उभी होती. पायथ्याची बागायत राधाकिशनची. पंचायत समितीवर एकदा निवडून आलेला, पुन्हा येऊ इच्छिणारा माणूस. जीप त्यानं लगेच धाडली, हे खरं. जीपवर ड्रायव्हर म्हणून त्याचा माणूस हनुमान आला होता. हनुमाननं झोळी येताना बघितली, मोबाईल काढला आणि सगळं शूट केलं. मग गाडीचं दार उघडलं.

बीडच्या दवाखान्यात सुरेखाच्या पायात सळई घातली. चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आपला फोन तिच्यापुढं धरला आणि विचारलं, "ह्या तुमीच ना ओ?" त्यात सुरेखाची साडी मांडीपर्यंत वर गेलेली होती, तोंड वेडंवाकडं झालं होतं, आणि मागं कुणीतरी उदास बासरी लावली होती.

घरी आल्यावर सुरेखा बाहेर पडेनाशी झाली. हातपंपावर कुणी असलं तर जायची नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. सुरेखाचा नवरा राम यंदा एकटाच गेला, अर्धा कोयता म्हणून. वस्तीत म्हातारी माणसं उरली, सुरेखा उरली आणि सुंदरबाई.

डिसेंबरात पुण्याची एक संस्था श्रमदानाचं शिबिर घेऊन आली. पन्नासेक माणसं, एकसारखे पिवळे टी-शर्ट, टिकाव-फावडी-घमेली नवी कोरी. चार दिवसांत डोंगरावर पायवाट बांधायची होती. शिबिराचा प्रमुख रविराज मूळचा गेवराईचा, आता पुण्यात नोकरीला. माणसं राधाकिशनच्या शेतातल्या मोठ्या शेडमध्ये उतरली होती, जेवणखाणही त्याच्याचकडं. पहिल्या दिवशी दुपारी वस्तीतल्या लोकांना उद्घाटनाला बोलावलं. सुंदरबाई गेली. रस्त्याचं काम म्हटल्यावर तिच्याच्यानं घरी बसवलं नाही.

नारळ फुटला, हार झाले. मग रविराजनं शेडच्या भिंतीवर पांढरी चादर लावून प्रोजेक्टर सुरू केला. बासरी वाजली आणि चादरीवर झोळी आली.

सुंदरबाई उभी राहिली. "बंद कर ते."

रविराजला वाटलं, म्हातारीला आवाज सोसत नाही. त्यानं आवाज कमी केला.

"आवाज न्हाई. चित्र बंद कर. ती माझी सून हाय."

रविराज पुढं आला आणि नरमाईनं म्हणाला, "मावशी, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण हा व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिलाय. हा बघूनच ही सगळी मुलं आली आहेत. तुमच्या रस्त्यासाठी."

"दोन लाख लोकांनी माझ्या सुनेची मांडी बघितली, असं म्हण."

पिवळ्या शर्टातल्या काही पोरींनी माना खाली घातल्या. राधाकिशन खुर्चीतून उठला नाही. तो नुसता म्हणाला, "सुंदरबाई, पाव्हणे हायत. आन त्या दिवशी जीप कुणाची गेलती, ते बी आठवून बोल."

जीप त्याचीच गेली होती. ती पायात चपला घालून बाहेर पडली. मागं चादरीवर झोळी पुन्हा चालायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहार खांद्यावर टाकून खाली आली. भांडण वेगळं आणि काम वेगळं, असा तिचा हिशेब. बारीच्या पायथ्यापासून पांढऱ्या फक्कीची रेघ मारली होती आणि पोरं झुडपं तोडत होती. ती रेघेच्या कडेनं वर चढत गेली. उंबराच्या झाडापाशी रेघ डावीकडं वळली. वस्ती उजव्या हाताला होती.

तरीही ती रेघ धरून चालत राहिली. रेघ जिथं संपली तिथं डोंगराचा कडा होता. तिथून खालचा तलाव, सडक, शेतं सगळं दिसत होतं. कड्यापाशी लोखंडी खांब रोवलेले होते, पत्र्यांचा ढीग होता, आणि तात्यांच्या नावाच्या हॉटेलचा एक फलक गवतात पडला होता.

खाली येऊन तिनं रविराजला गाठलं. "ही वाट कुठं चालली?"

"वर पठारावर. तिथून तुमच्या वस्तीपर्यंत सपाटीच आहे. दीड किलोमीटर."

"मधी व्हळ हाय. पावसाळ्यात कमरंइतकं पाणी असतंय त्याला. बारीत व्हळ न्हाई. घसरडी तेवढी नीट करा, झालं काम."

"ते दुसऱ्या टप्प्यात घेऊ, आजी."

"मी तुझी आजी न्हाई. मला नाव हाय."

रविराजनं श्वास सोडला. "हे बघा सुंदरबाई. खालची सुरुवात तात्यांच्या बांधावरून होते. त्यांनी परवानगी ह्याच लाइनीला दिलीय. त्यांना नाही म्हटलं तर एक दगडही हलणार नाही."

"आमी बिनपरवानगीचं शंभर वर्षं चाललो त्याच बांधावरनं."

तो दुसरीकडं बघायला लागला. सुंदरबाई उंबरापाशी गेली आणि जिथं रेघ वळत होती तिथं, बरोबर फक्कीवर, पहार आडवी मांडीवर घेऊन बसली.

तासभर पोरं तिच्या दोन्ही बाजूंनी काम करत राहिली. कुणी पाणी विचारलं, कुणी लांबूनच फोटो काढला. मग हनुमान आला. त्यानं पहारीचं एक टोक धरलं आणि ओढलं. तिनं दुसरं टोक सोडलं नाही. पहार तिच्या मुठीतून सरकत गेली आणि तळव्याची सालटी निघाली, तेव्हा रविराज धावत आला आणि हनुमानला बाजूला केलं.

त्याच्या मागून राधाकिशन सावकाश चढत आला. तो तिच्याजवळ उकिडवा बसला, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाऊ नये. "ऊठ, सुंदरबाई. तुझ्या पोराला टोळीत कुणी घातलं? मुकादम माझ्या शब्दाचा हाय. अर्धा कोयता कुणी घेत न्हाई, तरी त्यानं घेतला. पुढल्या साली घ्यायचा का न्हाई, ते आज ठरव."

"पोराला मधी आणतोस व्हय, तात्या?"

"तू रेघेच्या मधी बसलीस. मी काय करू?"

ती उठली. वस्तीत नंतर लोकांनी हे वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. कुणी म्हणालं तिला उचलून बाजूला ठेवली. पण ती स्वतःच उठली होती. पहार घेऊन उजव्या हाताला वळली आणि बारी चढायला लागली. रडली नाही. तिला इतका राग आला होता की पाय कुठं पडतात हेही कळत नव्हतं.

घसरडीवर येऊन ती थांबली. सुरेखा जिथून घसरली ती मुरमाड, गुळगुळीत उतरण समोर होती. तिनं लुगड्याचा पदर फाडून तळव्याला गुंडाळला आणि पहिला दगड पहारीनं उकलला. तो डोंगर तात्याचा नव्हता, सरकारचा होता. इथं तिला उठवायला कुणी येणार नव्हतं. दिवस मावळेपर्यंत तिनं तीन पायऱ्या बसवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा घसरडीपाशी पिवळ्या शर्टातली एक पोरगी उभी होती. प्रियदर्शनी तिचं नाव. पुण्यात इमारतींचे नकाशे काढायचं काम करायची.

"फोटो काढायला आलीस का?"

"नाही. फोन खाली ठेवलाय." पोरगीनं पायऱ्यांकडं बोट केलं. "ह्या हलत कशा नाहीत ते बघत होते."

"बघून कळत न्हाई. दगड आण."

प्रियदर्शनीनं एक गोल गोटा आणला. सुंदरबाईनं तो पायानं दरीत लोटून दिला. "तसला न्हाई. तोंड असलेला." दुसरा आणला तो चालला, पण बसवलेला सुंदरबाईनं दोनदा उपटून काढला.

"आता काय चुकलं?"

"पायरीचा माथा सपाट बसवलास. पाणी थांबंल, शेवाळ धरंल, माझ्या सुनेवानी आणखी कुणीतरी जाईल. भाईर बोटभर उतार दे."

पोरगीनं तिसऱ्यांदा बसवला. सुंदरबाई त्यावर उभी राहिली, टाचेवर जोर देऊन हलली, आणि पुढच्या दगडाकडं गेली. हा दगड चालला, हे पोरगी समजली.

दुपारपर्यंत प्रियदर्शनीच्या मागं आणखी पाच जण आले, संध्याकाळपर्यंत अकरा झाले. रविराज वर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता.

"शिबिराला काही शिस्त आहे की नाही? खाली माणसं कमी पडतायत."

"लोकांचा रस्ता हा आहे, रविराज," प्रियदर्शनी म्हणाली. "आपण खाली बांधतोय तो हॉटेलला जातो. तुला माहीत होतं?"

"माहीत होतं. तात्यानं जागा दिली, जेवण दिलं, त्याचं काहीतरी पाहणारच तो. तू परवा पुण्याला जाशील. मला ह्याच जिल्ह्यात परत यायचंय, दुसऱ्या गावांत कामं करायची आहेत. एकाला दुखावलं की दहा दारं बंद होतात. तुला हे कळायचं नाही."

"मग व्हिडिओत दाखवलेली बाई कुठल्या दारानं जाणार?"

तो खाली उतरला. त्या दिवशी जेवायच्या वेळी अकरा जण खाली गेले तर शेडच्या दारात हनुमान उभा होता. "वर काम करता, तर वरच जेवा."

ते परत वर वस्तीत आले. सुंदरबाई ओसरीवर हात धूत होती. अकरा माणसं बघून तिचं डोकं फिरलं. "मी कुणाला बोलावलं न्हवतं," असं ती त्यांच्या तोंडावर बोलली, आणि मग सूप घेऊन घरोघर पीठ मागायला निघाली. सरस्वतीबाईंनी दार लोटून घेतलं. आतून म्हणाल्या, "भांडण तुझं, तूच खाऊ घाल. आमाला तात्याच्या शेतात खुरपायला जायाचं असतंय." त्यांचंही खोटं नव्हतं. तीन घरांनी पीठ दिलं, एका घरानं वाटीभर शेंगदाणे.

भाकरी सुरेखानं थापल्या. चुलीपुढं पाट घेऊन, मोडका पाय लांब करून, दाराकडं पाठ करून ती बसली होती. पोरं अंगणात भाकरी, ठेचा, शेंगदाण्याचं कालवण खात होती. पाणी घ्यायला आत आलेल्या एका मुलीनं तिचा पाय बघितला आणि ओळखलं. ती तिथंच खाली बसली आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "ताई, तुमचा व्हिडिओ पाहूनच आले मी. मला झोप लागली नव्हती."

सुरेखानं तव्यावरची भाकरी उलटली. "मला बी लागत न्हाई," ती म्हणाली आणि तांब्या पुढं सरकवला. मुलगी निघून गेल्यावरही ती बराच वेळ विस्तवाकडं बघत बसली होती. सुंदरबाईनं काय झालं म्हणून विचारलं, तिनं सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत घसरडीवर बेचाळीस पायऱ्या झाल्या आणि दरीच्या अंगाला गुडघ्याएवढी पौळ. तिकडं कड्याची वाटही पुरी झाली होती. ती चांगलीच रुंद झाली होती, हे सुंदरबाईनंही नाकारलं नाही. तीन वाजता शेडमध्ये समारोप होता. सुंदरबाई जाणार नव्हती. पण शिबिराची फावडी, घमेली खाली पोचवायची होती आणि प्रियदर्शनी तिला न घेता जाईना. ती जाऊन सगळ्यांच्या मागं, दाराजवळ उभी राहिली.

राधाकिशनचं भाषण झालं. त्यानं डोंगरातल्या माउलींचे अश्रू पुसल्याबद्दल तरुणांचे आभार मानले. मग रविराजनं पुन्हा प्रोजेक्टर लावला. आधी काय होतं आणि आता काय झालं, असं दाखवायचं होतं. बासरी सुरू झाली.

दारातून काठीचा आवाज आला. सुरेखा आत येत होती. अंगावर धुवट साडी, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, घामानं तोंड निथळत होतं. बारी उतरायला तिला दोन तास लागले होते. सुंदरबाईनं तिचा दंड धरायला हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला. खुर्च्यांच्या मधून ती थेट चादरीपुढं जाऊन उभी राहिली, तेव्हा झोळीचं चित्र तिच्या अंगावर पडलं.

"ती मीच हाय," ती म्हणाली.

रविराजचा हात मशीनकडं गेला आणि तिथंच राहिला.

"चार महिने झाले. समद्या महाराष्ट्रानं बघितलं. कुणी येऊन मला इचारलं न्हाई, की बाई, हे दाखवू का." ती थांबली नाही. "मी पडले, हाड मोडलं, त्याची मला लाज न्हाई. उघडी पडले त्याची हाय. तुमाला रस्ता करायचा हुता तर दगड दाखवायचे. घसरडी दाखवायची. काढ ते. आत्ता. माझ्या म्होरं."

रविराजनं मशीन बंद केलं. मग मोबाईल काढला. व्हिडिओ काढून टाकल्यावर त्यानं मोबाईल तिच्यापुढं धरला.

"ह्या हनुमानकडं बी हाय."

हनुमान भिंतीला टेकून उभा होता. त्यानं तात्याकडं बघितलं. राधाकिशननं पन्नास पाहुण्यांकडं बघितलं, आणि हळूच म्हणाला, "काढ बे."

हनुमाननंही काढलं.

"आन ज्यान्ला ज्यान्ला धाडलं, त्यान्च्याकडचं?" सुरेखानं विचारलं.

काठी टेकत ती बाहेर आली. बाहेर येताच सुंदरबाई तिच्यावर कडाडली, "कुणाला इचारून उतरलीस? सळई निसटली असती तर?"

"तुमी कुणाला इचारून पायऱ्या रचल्या, आत्याबाई?"

दोघी बारी चढायला लागल्या. प्रत्येक पायरीला सुरेखा थांबत होती आणि सुंदरबाई एक पायरी मागं उभी राहत होती.

शिबिर गेलं. आठ दिवसांत हनुमाननं बारीच्या तोंडाला, तात्याच्या बांधावर, बोराट्या आणून टाकल्या. काट्यांचा छातीएवढा ढीग. ज्यांना वर जायचं त्यांनी कड्याच्या वाटेनं जावं, असा निरोप आला. सुंदरबाईनं सकाळी काठीनं बोराट्या ओढून काढल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पडल्या. हे महिनाभर चाललं. मग तिनं वस्तीतल्या सहा म्हाताऱ्यांचे अंगठे घेतले आणि पाटोद्याला तहसीलमध्ये अर्ज दिला. प्रियदर्शनीनं पुण्याहून जुन्या नकाशाची नक्कल धाडली, त्यात बारीची वाट ठिपक्यांनी दाखवलेली होती. चार तारखा पडल्या. एका तारखेला राधाकिशनच्या वकिलानं सुंदरबाईला भांडखोर बाई म्हटलं, तेव्हा ती साहेबांना म्हणाली, "व्हय, हाय मी. वाटंचं इचारा." ऐन मे महिन्यात वहिवाट मोकळी करायचा हुकूम निघाला. बोराट्या उचलल्या गेल्या. मग राधाकिशननं बांधाला आडवा चर खणला. सुंदरबाईनं त्यावर एक लांब फरशी टाकली. ती अजून आहे.

मुकादमानं पुढच्या हंगामाला रामला दुसरी टोळी बघायला सांगितलं. तात्यानं शब्द खरा केला. राम गेवराईकडच्या टोळीत गेला, पुन्हा अर्धा कोयता म्हणून, आणि आईशी पंधरा दिवस बोलला नाही. सरस्वतीबाई त्याच बेचाळीस पायऱ्यांवरून रोज तात्याच्या शेतात खुरपायला उतरतात, पण सुंदरबाईच्या दारावरून जाताना मान वळवत नाहीत. कड्यावर हॉटेल सुरू झालंय. रविवारी गाड्या येतात. पावसाच्या पाण्यानं त्या वाटेचा थोडा भाग नेला, तो तात्यानं मुरूम टाकून पुन्हा केला. सुंदरबाईच्याही दोन पायऱ्या निसटल्या. तिनं त्या काढून नव्यानं बसवल्या.

सुरेखा आता पाटोद्याच्या बाजारला जाते. काठी सुटली, पाय थोडा ओढतो. अजून एखादा माणूस तिच्याकडं निरखून बघतो, मग शेजारच्याला कोपर मारतो. तेव्हा ती जागेवर थांबते आणि त्याची नजर खाली जाईपर्यंत त्याच्याकडं बघत राहते. पिशवी धरून सुंदरबाई पुढं उभी असते आणि करवादते, "चल लवकर. बारी चढायची हाय."